शाईपेन, देवनागरी आणि वळण: आठवी-नववीच्या मुलांच्या हाती काय द्यावं?

दुरेघी:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या २५ मुलांसाठी लेखनवर्ग ठरतोय. १० दिवस, रोज एक तास, फक्त मराठी. माणशी ३०० रुपयांत पेन, शाई आणि वही बसवायची आहे.

माझं मत आधीच सांगते. हाताने लिहिणं अजून शिकवण्याजोगं आहे, आणि ते बॉलपेनपेक्षा शाईपेनाने नीट शिकवता येतं. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, टोकाची गोळी फिरल्याशिवाय ती बाहेर येत नाही, आणि गोळी फिरायला दाब लागतो. मुलं तो दाब बोटांनी देतात. अंगठा आत वळतो, पहिल्या बोटाचं पेर खोल दबतं, दोन पानांत मनगट भरून येतं. शाईपेनात कागदच शाई ओढून घेतो. निबेच्या टोकाचा मणी कागदाला नुसता टेकला तरी रेघ उमटते. मुलांचा दाब तपासायचा असेल तर वहीचं पान उलटून मागून बोट फिरवा. खालच्या तिसऱ्या पानापर्यंत अक्षरं हाताला लागत असतील तर पकड सोडवायला हवी.

माझे प्रश्न दोन. कोणता पेन, कोणती निब? आणि आजच्या मुलांना हे द्यावं का, याबद्दल कुणाचं वेगळं मत असेल तर तेही स्पष्ट हवंय.

खटखट:
वेगळं मत माझं आहे. हे १० तास मुलांना नीट मराठी टंकलेखन शिकवायला द्या. नववीतल्या बहुतेक मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी बडवता येतं, पण इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना, येत नाही. १० तासांत इनस्क्रिप्ट हातात बसतो. पुढे अर्ज, अहवाल, पत्रव्यवहार सगळं टंकूनच करायचंय. वहीतलं टिपण शोधता येत नाही, दुसऱ्याला पाठवायचं तर फोटो काढावा लागतो, भिजलं तर गेलं. वळण सुंदर असणं छान आहे, पण ती कला झाली. सर्वांना सक्ती कशाला?

टाक_बोरू:
सक्तीचं दुरेघींनी कुठे म्हटलंय? सुट्टीतला वर्ग आहे. असो, पेनाकडे वळतो.

देवनागरीसाठी बारीक निब घ्या. इंग्रजीत अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं, आपल्याकडे एका अक्षरावर वेलांटी, अनुस्वार, रफार आणि शेजारच्या अक्षराखाली उकार एकाच वेळी येऊ शकतो. ‘मूर्तींतून’ लिहून बघा. ८ मिलिमीटर रेघांच्या वहीत शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत ४ मिलिमीटर मिळतात, उरलेले ४ वरच्या-खालच्या चिन्हांना. रेघ ०.७ मिलिमीटर जाडीची असेल तर ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात. ०.४ च्या आसपास बरोबर बसतं. निबांवरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नका. जपानी निबेवर ‘एफ’ असेल तर रेघ साधारण ०.३ ची पडते, युरोपीय ‘एफ’ ०.५ च्या जवळ जाते.

पेन हलका आणि प्लास्टिकचा असू द्या. धातूचा जड पेन टोपण मागे लावलं की शेपटीकडे झुकतो आणि मूल तो तोलायला पुन्हा घट्ट पकडतं. धरायचा भाग १० ते ११ मिलिमीटर जाड असावा. भरण्याची पद्धत कन्व्हर्टरची, म्हणजे पेनात बसवायची, शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे आपले जुने पेन मला अतिशय आवडतात, पण २५ मुलांच्या वर्गात ते नकोत. कारण खाली सांगेन, कुणी विचारलं तर.

जिज्ञासू_७:
विचारतो. का नकोत?

टाक_बोरू:
ड्रॉपरच्या पेनात अडीच-तीन मिलिलिटर शाई मावते. नळी भरलेली असते तोवर काही होत नाही. शाई एक तृतीयांशावर आली की वर हवेचा मोठा फुगा असतो. हाताच्या उबेने ती हवा फुगते, शाईला पुढे ढकलते, आणि जिभेच्या खाचांना पेलवेल त्याहून जास्त शाई आली की वहीवर थेंब पडतो. त्यामुळे असा पेन अर्ध्याच्या खाली जाऊ न देता भरायचा, आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. व्हॅसलिन लावू नका, काही प्लास्टिक आणि रबरी वायसर त्याने सुजतात. कन्व्हर्टरमध्ये ०.७ मिलिलिटरच शाई असते, हवा कमी, त्रास कमी.

‘जीभ’ म्हणजे निबेखालचा काळा खाचांचा तुकडा. त्या खाचा नक्षीसाठी नसतात. एका बारीक चरातून शाई पुढे जाते, त्याच वाटेने हवा मागे जाते, आणि जास्तीची शाई खाचांत थांबते. पेन चालत नाही अशा १० तक्रारींतल्या ७-८ या चरात वाळलेल्या शाईच्या असतात, निबेच्या नव्हे.

रफार:
खटखट यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचंय, कारण तो रास्त आहे आणि तरी अपुरा वाटतो.

मराठीची काही वळणं हातात टिकली आणि पडद्यावर हरवली. आपला ‘ल’ पाकळ्यांचा, ‘श’ देठाचा. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात वर्णमाला ठरवताना ही रूपं मुद्दाम नोंदवली आहेत. पण फोनवर आणि संगणकावर बहुतेक वेळा दिसतात ती हिंदी वळणाची रूपं. दिवसभर तीच वाचणारी मुलं तशीच लिहायला लागतात.

दुसरं, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, एक डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. हाताने लिहिताना फरक एका छोट्या आडव्या फराट्याचा आहे. टंकताना बरीच माणसं हा फरक सोडून देतात, कारण ती कळ कुठे आहे हे माहीत नसतं.

खटखट:
कळ आहे की. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो, पुढे हलन्त आणि ‘य’. म्हणूनच म्हणतो, इनस्क्रिप्ट शिकवा! आणि ‘ल’-‘श’ चा दोष लिपीच्या टंकनाचा नाही, फाँटचा आहे. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फाँटमध्ये मराठी रूपं असली की पाकळीचा ‘ल’ आपोआप येतो. प्रश्न शिकवण्याचा आहे, हात विरुद्ध यंत्र असा नाही.

रफार:
‘ऱ’ बद्दल पूर्ण मान्य. पण कोणती कळ दाबायची हे कळायला आधी दोन वेगळी रूपं आहेत हे डोळ्यात आणि हातात असावं लागतं. मुलाने ‘दऱ्या’ २० वेळा लिहिलेला असेल तर ते कळ शोधेल.

तपासून_पाहा:
संशोधनाचा उल्लेख निघणारच, म्हणून आधीच नीट मांडतो. या विषयावर उत्साहात बरंच काही जास्तीचं सांगितलं जातं.

२०१४ साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर यांनी लॅपटॉपवर टिपणं घेणारे आणि हाताने घेणारे विद्यार्थी तपासले. लॅपटॉपवाले व्याख्यान शब्दशः उतरवत होते, संकल्पनेच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे होते. हा निष्कर्ष जगभर फिरला. पण २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा इतका स्पष्ट फरक आढळला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या व्हान डर वेल आणि व्हान डर मेर यांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला ताळमेळ जास्त दिसला. मात्र त्यात टंकन एकाच बोटाने करायला सांगितलं होतं, आणि लिहिलेलं किती लक्षात राहिलं ते मोजलेलंच नव्हतं.

तेव्हा ‘हाताने लिहिलं की स्मरणशक्ती वाढते’ असं मुलांना सांगू नका. हात टंकनापेक्षा मंद असतो, म्हणून ऐकलेलं गाळून, आपल्या शब्दांत लिहावं लागतं, एवढं सांगितलं तर खरं आणि पुरेसं आहे. ती गाळण्याची सवय टंकतानाही लावता येते, फक्त तिथे जाणीवपूर्वक लावावी लागते.

दुरेघी:
तपासून_पाहा, हे फार मोलाचं. वर्गाच्या माहितीपत्रकात ‘बुद्धी तल्लख होते’ असं वाक्य होतं, ते काढते.

अभ्यासिका_सदाशिव:
सक्तीचा मुद्दा निघालाच आहे तर स्पर्धा परीक्षांकडे बघा. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न असतात, १० प्रश्न १५० शब्दांचे आणि १० प्रश्न २५० शब्दांचे. बेरीज ४,००० शब्द, वेळ १८० मिनिटं. म्हणजे विचार करायला एक मिनिटही न घेता मिनिटाला २२ शब्द, आणि असे ३ तासांचे दोन पेपर एका दिवशी. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षं पर्यायांचे गोल काळे करणारी बोटं अचानक इतकं लिहू शकत नाहीत.

वेगासाठी सांगायची गोष्ट एकच: बोटांनी लिहू नका, हाताने लिहा. बोटं फक्त अक्षराचं वळण काढतात, ओळीवर पुढे सरकण्याचं काम कोपरापासूनच्या हाताचं. मनगट टेबलावर रुतवून ठेवलं की दर तीन-चार शब्दांनी हात उचलून पुढे ठेवावा लागतो, वेळ तिथे जातो. टेबलावर कोपर पूर्ण टेकेल इतकी जागा हवी, आणि कागद डावीकडे २० अंश तिरका.

परीक्षेत कोणता पेन म्हणाल तर मी ०.७ चा पातळ शाईचा बॉलपेन किंवा वाळणारा जेल सुचवेन. घाम आणि पंख्याखाली उडणारी पुरवणी यांत ओल्या शाईची जोखीम नको. सराव मात्र शाईपेनाने करा, दाब सुटतो.

अनामिका_व:
घाईत शिरोरेघ द्यायची की गाळायची? वेळ वाचतो म्हणून बरेच जण गाळतात.

रफार:
गाळायची असेल तर आधी ‘ध-घ’, ‘भ-म’, ‘थ-य’ या जोड्या पक्क्या करा. छापील अक्षर बघा: ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असते, घ, म आणि य यांच्यावर सलग. रेघच नसेल तर ओळखायला उरते सुरुवातीची छोटी गाठ. तीही घाईत सरळ झाली की ‘धार’ ची ‘घार’ होते आणि ‘भात’ चा ‘मात’. उलट काही मुलं शब्दभर एकच सरसकट रेघ ओढतात, तेव्हाही नेमका हाच घोटाळा होतो. सवय अशी लावावी: शब्द पूर्ण लिहायचा, मग शिरोरेघ, आणि ध-भ-थ आले की पेन किंचित उचलायचा. काना, मात्रा, अनुस्वार शिरोरेघेनंतर. अक्षरागणिक शिरोरेघ दिली की शब्दात फटी पडतात आणि वेगही मरतो.

डावखुरी:
२५ मुलांत २-३ डावखुरी असतीलच, त्यांचं काय? इथपर्यंत सगळे सल्ले उजव्या हाताचे आले.

डाव्या हाताने लिहिताना निब ओढली जात नाही, ढकलली जाते. त्यात शिरोरेघ म्हणजे सगळ्यात लांब ढकल. बारीक, टोकदार निब तिथे कागदात रुतते आणि तुसं उचलते. म्हणून डावखुऱ्या मुलांना निब थोडी गोलसर मण्याची द्या, ०.५ ची चालेल. कागद उजवीकडे ३० अंश वळवा, मनगट ओळीच्या खाली ठेवा. मनगट ओळीच्या वरून आकडा करून लिहिणाऱ्या मुलाची सवय १० दिवसांत मोडायला जाऊ नका, त्याला लवकर वाळणारी शाई आणि किंचित शोषक कागद द्या. गुळगुळीत कागदावर शाई वाळायला १५-२० सेकंद घेते, तेवढ्यात तळहात तिच्यावरून जातो. शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढली तरी काही बिघडत नाही. छान दिसते, निबही रुतत नाही.

दुरेघी:
शिरोरेघ उलट दिशेने! हे मी कधीच सुचवलं नसतं. धन्यवाद.

हिराकस:
शाईवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मुलांच्या वर्गाला धुतली जाणारी निळी शाई. सुलेखा, कॅमल, ब्रिल, कोणतीही साधी निळी. गणवेशावर सांडली तर वाळायच्या आत गार पाण्यात बुडवायची, गरम पाणी आणि साबण लगेच नको. हिचा दोष म्हणजे उन्हात विटते आणि पाण्याचा थेंब पडला की पसरते. सरावाला त्याने फरक पडत नाही. जपून ठेवायच्या मजकुराला मात्र ही नको.

टिकाऊ शाईचे दोन जुने मार्ग. पहिला काजळ आणि डिंकाचा. काजळ म्हणजे कार्बन, तो उजेडाने विटत नाही. दुसरा हिरडा किंवा मायफळातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत अडकते. लिहिताना दिसावी म्हणून तिच्यात निळा रंग घालत, ‘ब्ल्यू-ब्लॅक’ हे नाव त्यातून आलं. ही आम्लधर्मी असते. शाईपेनात वापरली तर दर दोन-तीन आठवड्यांनी पेन धुवा, नाहीतर चरात गाळ बसतो.

कधीही शाईपेनात घालू नका: ड्रॉइंग इंक, पोस्टर रंग, स्टॅम्पपॅडची शाई. ड्रॉइंग इंकमध्ये बहुधा लाख किंवा तसलंच बांधणारं द्रव्य असतं. एकदा वाळलं की जीभ फेकून द्यावी लागते.

शाईचा व्यवसाय आपल्याकडे स्वदेशीच्या वातावरणात उभा राहिला. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या ‘हॉर्स’ छापाने विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅमलिन झालं. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम पेन १९३२ चे, बंगालात सुलेखा १९३४ ची.

सही_शिक्का:
चेकवर कोणती शाई? मध्ये निरोप फिरत होता की रिझर्व्ह बँकेने काळ्या शाईने लिहिलेले चेक बंद केले.

हिराकस:
तो निरोप खोटा होता. रिझर्व्ह बँकेने शाईचा रंग ठरवून दिलेला नाही. चेक आता प्रतिमा काढून वटवतात, त्यामुळे स्कॅनमध्ये स्पष्ट उमटेल अशी गडद शाई हवी आणि खाडाखोड अजिबात नको. रक्कम किंवा नाव चुकलं तर नवीन चेक. धुतली जाणारी शाई चेकवर वापरू नका, ती खरोखर धुता येते.

मोडीवेल्हाळ:
विषय थोडा बाजूला नेतो. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळातले मोडी कागद बघायला मुलांना जरूर न्या. मोडीत आधी पानभर सलग शिरोरेघ मारून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. बोरू, म्हणजे काडीची लेखणी, शक्यतो उचलायचा नाही, म्हणून काना आणि वेलांटीही त्याच ओघात यायची. ती शाई बहुतांशी काजळाची. आजही काळीभोर दिसते. कागदाला खळ देऊन दगडाने घोटलेलं असायचं, म्हणून शाई वरच राहिली. दौलताबादजवळचं कागझीपुरा हातकागदासाठी प्रसिद्ध आहे.

भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ३०३ क्रमांकाच्या निबेने हाताने लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. टंकयंत्रं तेव्हाही होतीच. तरी देशाने हा मजकूर हाताने लिहून घेतला.

बोरूचा काप हवा असेल तर सांगा.

अनामिका_व:
हवा!

मोडीवेल्हाळ:
वाळलेला बोरू, १५ ते १८ सेंटिमीटर. टोकाकडून ३ सेंटिमीटर लांब तिरका छेद, आतला भुसभुशीत गर खरवडून टाका. दोन्ही बाजू कापून टोक ३ मिलिमीटर रुंद ठेवा. मध्ये सुमारे १ सेंटिमीटर चीर. चीर नसेल तर शाई एकदम उतरते. शेवटी टोक कठीण फळीवर ठेवून एका दाबात कापायचं, आणि हा काप तिरका. इंग्रजी सुलेखनाच्या निबेचा कोन इथे उलटा होतो. उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक आली की काप जमला. बाजारातली इंग्रजीची चपटी निब तशीच धरून देवनागरी काढली की अक्षर परकं दिसतं, त्याचं कारण हेच. उंची निबेच्या रुंदीच्या पाचपट घ्या: ३ मिलिमीटर बोरूला १५ मिलिमीटर अक्षर.

कोरा_कागद:
सगळे पेन आणि शाईवर खर्च करतात आणि मग ५५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ५५ ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) वहीत लिहून पेनाला दोष देतात. ३०० रुपयांतला मोठा वाटा कागदाला द्या.

विकत घेण्याआधी तपासणी. त्याच पेनाने तीन ओळी लिहा, शेवटी एक ठिपका दोन सेकंद दाबून धरा. अक्षराच्या कडेला मुळांसारखे तंतू पसरले तर कागदाची खळ कमी आहे, शाई फुटणार. पाच मिनिटांनी पान उलटा. ठिपका मागे आरपार आला तर एकाच बाजूला लिहिता येईल. नुसत्या जीएसएमवर जाऊ नका. ५२ जीएसएमचा जपानी तोमोए रिव्हर कागद शाई धरतो आणि ८० चा झेरॉक्स कागद कधीकधी फुटतो, कारण खेळ खळीचा आहे. तरी आपल्या दुकानांत ८५ ते १०० जीएसएमचा बाँड बहुधा ठीक निघतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चांगला कागदही ओल धरतो आणि फुटतो. वह्या बंद डब्यात ठेवा, लिहिण्याआधी तासभर बाहेर मोकळ्या हवेत ठेवू नका. शाईच्या बाटलीत बुरशीचा पांढरा तवंग दिसला तर पूर्ण बाटली टाकून द्या, गाळून वापरू नका.

काचपाटी:
टॅबलेट आणि डिजिटल पेन हा मधला मार्ग का नको? हातानेच लिहितो, शोधताही येतं, खटखट यांचा आक्षेपही मिटतो.

टाक_बोरू:
आकृत्या, गणितं, लांब टिपणं यांना उत्तम. वळण शिकायला नको. काच निसरडी असते, निबेला थांबवणारं काही नसतं, त्यामुळे ‘इ’ आणि ‘झ’ सारख्या वळणांत हात पुढे घसरतो. खरखरीत फिल्म लावली तर घसरण कमी होते, पण पेनाचं टोक लवकर झिजतं. आणि पडदा अक्षर मोठं करून लिहू देतो, तेव्हा मुलाला प्रमाणाचा अंदाजच येत नाही.

न्यूजर्सीकर:
इथल्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी हा धागा जपून ठेवतोय. इंग्रजी पाचव्या इयत्तेपर्यंत बरीच मुलं छापील अक्षरंच काढतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावी अक्षरं जोडून लिहायचं (कर्सिव्ह) इंग्रजी लेखन पुन्हा आणलं. देवनागरीत एक प्रश्न आहे: वर्णमालेच्या क्रमाने शिकवावं की वळणाच्या?

रफार:
लिहिण्यासाठी वळणाच्या. ‘ग म भ न’ हा क्रम त्यासाठीच आहे. पुढे ‘त ल’, ‘र स ख’, ‘व ब क’, ‘प ष फ ण’, ‘ट ठ ढ द’, शेवटी ‘ड ह इ झ’. एका गटात एकच नवी हालचाल येते. क ख ग घ पाठांतराला ठेवा.

विशेष_शिक्षण:
एक विनंती. आठवीत अक्षर फारच वाईट, शब्दांतली अंतरं विस्कटलेली, वेग अतिशय कमी असं मूल असेल तर आळशी समजू नका. डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अध्ययन अक्षमता, असू शकतो, आणि त्याला पेन बदलून उपाय होत नाही. त्या मुलाला खटखट म्हणतात तो कीबोर्डच मोकळं करतो. बोर्डाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत आहे, पालकांना तपासणी करून घ्यायला सांगा.

खटखट:
+१. आणि दुरेघी, १० पैकी शेवटचे दोन तास इनस्क्रिप्टला द्याल का? आठ दिवस हाताने लिहिलेला मजकूर मुलं स्वतः टंकतील. रफार यांचा ‘दऱ्या’ चा मुद्दा मला पटलाय. हातात रूप असेल तर कळ शोधली जाईल.

दुरेघी:
देते, दोन तास नक्की. सराव यादीत ‘दर्या-दऱ्या’, ‘धार-घार’ टाकते. पेन कन्व्हर्टरचा, ०.४ च्या जवळचा, डावखुऱ्यांना ०.५. निळी शाई, ८५ जीएसएमची वही. आता शेवटचं विचारते: ६० मिलिलिटरची एक बाटली पुरेल का, आणि रोज २५ पेन धुवायचे का?

टाक_बोरू:
एकदा सगळे भरायला २५ गुणिले ०.७, म्हणजे साडेसतरा मिलिलिटर. बाटलीत तीन भरण्या होतील, १० दिवसांना दोन बाटल्या आणा. मुलांना बाटलीत निब बुडवू देऊ नका, शाई सांडते आणि कागदाचे तंतू बाटलीत जातात. ५ मिलिलिटरच्या बोथट सुईच्या दोन सिरिंज घ्या आणि कन्व्हर्टर काढून वरून भरा. भरून झाल्यावर निब खाली करून दोन मिनिटं ठेवा, शाई जिभेतून उतरायला वेळ लागतो. मुलं इथे अधीर होतात आणि पेन झटकतात, भिंतींसाठी आधीच सांगून ठेवा.

रोज धुवायची गरज नाही, रोज लिहिणार असाल तर पेन वाळत नाही. टोपण लावून निब वर करून ठेवायचे. नवे पेन पहिल्या दिवसाआधी मात्र एकदा धुवा, कारखान्यातलं तेल जिभेत राहिलेलं असतं आणि शाई अडखळते. पाव लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, कन्व्हर्टरने ओढून सोडा, मग साध्या पाण्याने तीनदा. उकळतं पाणी नको, जीभ वाकते. मग निब खाली करून टिपकागदात गुंडाळून रात्रभर उभे ठेवा.

त्यानंतरही एखादा पेन अडखळला तर भिंगातून निबेची दोन पाती बघा. एक पातं वर असेल तर अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबा, एका वेळी अगदी थोडं. दोन्ही समान असूनही पहिली रेघ उमटत नसेल तर तो पेन दुकानात बदलून घ्या. २५ मागे २-३ असे निघतात, म्हणून २८ आणा.